थोरल्या भावाला एचआयव्हीसोबत ‘कावीळ ब’ही निघाली, चालू गोळी बंद करावी का?

हर्णैचा धाकटा (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाविषयी असून त्याच्या संमतीनेच लिहीत आहे. तो ४६ वर्षांचा आहे आणि हर्णै बंदरातील एका ट्रॉलरवर तांडेल म्हणून काम करतो. २०११ साली त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे कळले आणि तेव्हापासून तो सरकारी एआरटी (एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांच्या उपचाराच्या) केंद्राची औषधे नियमित घेत आहे. सुरुवातीला झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन अशी दोन वेळची गोळी होती. २०२१ मध्ये ती बदलून रोज एकच टीएलडी (तीन औषधे एकत्र असलेली) गोळी मिळू लागली. गेल्या दोन्ही तपासण्यांत व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा आल्यामुळे घरात आम्ही निर्धास्त होतो.

१ जूनला मासेमारी बंद झाल्यावर रखडलेले हर्नियाचे ऑपरेशन उरकून घ्यावे, म्हणून आम्ही एका खाजगी रुग्णालयात गेलो. तेथील तपासण्यांत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे ‘कावीळ ब’ (हिपॅटायटिस बी) असल्याचा अहवाल आला. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे, दोन माणसांचे काम तो आजही एकटा करतो. घरी येऊन त्याची एआरटी केंद्राची हिरवी पुस्तिका चाळली, तर पहिल्या पानांवरची या तपासणीची जागा कोरी राहिलेली दिसली.

आता घरात तीन मते आहेत. आईचे म्हणणे असे की, शेजारच्या वाडीत कावीळ उतरवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडून माळ घालून घ्यावी. मात्र माळ गळ्यात असेपर्यंत, म्हणजे २१ दिवस, सर्व ‘इंग्रजी औषध’ बंद ठेवावे अशी त्यांची अट आहे. वहिनीचे भाऊ लालबागला असतात. त्यांनी एन्टेकाव्हिर नावाच्या गोळीची चौकशी केली असून ती ताबडतोब सुरू करावी असा त्यांचा आग्रह आहे. भाऊ स्वतः म्हणतो, ‘जे चालले आहे ते चालू द्या.’ १ ऑगस्टपासून बोट पुन्हा समुद्रात जाईल, त्याआधी निर्णय व्हायला हवा.

वहिनीची एचआयव्ही तपासणी आजवर निगेटिव्हच आली आहे. पुतणीचा जन्म २००४ चा. लग्न होऊन ती गुहागरला आहे आणि तिला पाचवा महिना लागला आहे. पुतण्या २००८ चा. या सर्वांनी काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना लॅबवाला

मी रत्नागिरीत तीस वर्षे रक्ततपासणीचे काम केले आहे, त्यामुळे केवळ अहवालाविषयी बोलतो.

एचबीएसएजी हे हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिन. बारूक ब्लुमबर्ग यांना १९६० च्या दशकात ते ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी व्यक्तीच्या रक्तात सापडले म्हणून त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणत. आमच्या रजिस्टरात त्या रकान्यावर कित्येक वर्षे हेच नाव होते. हे प्रथिन रक्तात आहे म्हणजे विषाणू आज शरीरात आहे, इतकेच त्या एका ओळीवरून कळते. लागण जुनी की नवी, यकृताला इजा किती, हे त्यातून कळत नाही. सहा महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली तर लागण दीर्घकालीन मानतात. तोवर थांबायचे नसेल, तर कोअर अँटिबॉडीचा (विषाणूच्या गाभ्याविरुद्ध शरीर बनवते त्या प्रतिपिंडाचा) नव्या लागणीत दिसणारा आयजीएम प्रकार तपासून अंदाज घेता येतो.

डोळे पिवळे नाहीत याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. आपल्याकडे कावीळ म्हटले की जी डोळ्यांसमोर येते, ती बहुधा पावसाळ्यात विहिरीच्या किंवा नळाच्या दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ई असते. ती चार-सहा आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि म्हणूनच माळ घालणाऱ्यांना यश मिळत आले आहे. हिपॅटायटिस बी पाण्यातून येत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होते. तशी बाधा झालेल्या नवजात बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये विषाणू कायमचा राहतो, तर धडधाकट प्रौढांपैकी ५ टक्क्यांहून कमी लोकांत. उरलेले प्रौढ स्वतःच्या प्रतिकारशक्तीने तो घालवून टाकतात. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर प्रौढपणी झालेली लागणही टिकून राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

यातून एक गोष्ट निघते, जी आपण विचारलेली नाही. दोन्ही विषाणू एकाच वाटेने आले असतील असे सगळे गृहीत धरतात, पण आपल्या देशात हिपॅटायटिस बी अनेकांना बालपणीच झालेला असतो. भावाला तो जन्मापासून असेल, तर आपली आई तीच आहे. तेव्हा वहिनींच्या आधी आपण स्वतःची आणि आईंची तपासणी करून घ्यावी.

माडाखालचा

मला दोन्ही आजार आहेत. सहसा लिहीत नाही, पण ‘२१ दिवस औषध बंद’ हे वाचून राहवले नाही.

मी मुंबईत नोकरी करत होतो. २०१८ साली शिमग्याला वेंगुर्ल्याजवळच्या गावी आलो आणि गोळ्यांची बाटली भाड्याच्या खोलीतच राहिली. प्रवासात असलेल्या रुग्णाला पुस्तिका दाखवून दुसऱ्या एआरटी केंद्रातून गोळ्या मागता येतात हे मला माहीत होते. परंतु तेथे ओळखीचे कोणी भेटेल या लाजेपायी गेलो नाही. पुढे आंब्याचा हंगाम लागला, बागेत माणूस कमी होते, आणि दोन दिवसांचे दोन महिने झाले. एचआयव्हीने या काळात काही जाणवू दिले नाही. नवव्या आठवड्यात लघवी चहासारखी झाली, अन्नाचा वास नकोसा झाला आणि एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी) हजाराच्या वर गेले. १९ दिवस रुग्णालयात होतो. तेथे पहिल्यांदा एका निवासी डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की, मी ज्या गोळीला एचआयव्हीची गोळी म्हणत होतो, ती इतकी वर्षे माझे यकृतही सांभाळत होती. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, की सांगितले असताना माझे लक्ष नव्हते, हे आता प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

आईंचे मन मोडू नये असे वाटत असेल तर माळ घाला. दोऱ्याने कोणाचे काही बिघडत नाही. गोळी मात्र एक दिवसही थांबवू नका.

रानवाट

वरील प्रतिसादांतून सगळा देशी उपचार निकालात निघतो आहे, असे वाटल्यामुळे लिहिते. माळेचे समर्थन मी करत नाही. परंतु भुईआवळा ही वनस्पती यकृतासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते आणि तिच्यावर आधुनिक पद्धतीने संशोधनही झालेले आहे. चालू गोळीच्या जोडीला तिचा रस घेण्यास काय हरकत असावी?

फिजिशियन, सिंधुदुर्ग

प्रश्नकर्त्यांच्या घरातील तीन मतांपैकी भावाचे मत बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र घरातील सर्वांना ठाऊक असायला हवे, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा कोणी गोळी बदलायला सांगेल.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे अगदी वेगळ्या कुळांतील विषाणू. पहिल्याचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो, दुसऱ्याचा डीएनएमध्ये. तरीही आपली नक्कल करताना दोघांनाही आरएनएवरून डीएनए लिहिणारे ‘रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज’ हे विकर लागते, आणि त्या विकराला अडवणारी काही औषधे म्हणूनच दोघांवरही चालतात. टीएलडी गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम असते. यांपैकी पहिली दोन औषधे हिपॅटायटिस बीवरही काम करतात, आणि नुसत्या हिपॅटायटिस बीच्या रुग्णालाही टेनोफोव्हिरची हीच मात्रा देतात. म्हणजे भावाचा उपचार २०२१ पासून नकळत चालूच आहे.

त्याआधीची दहा वर्षे मात्र मला अधिक महत्त्वाची वाटतात. जुन्या तीन औषधांपैकी हिपॅटायटिस बीवर चालणारे लॅमिव्हुडिन हे एकच होते. दोन्ही लागणी असलेल्या रुग्णांत एकट्या लॅमिव्हुडिनला हा विषाणू फार लवकर दाद देईनासा होतो. चार वर्षांत सुमारे ९० टक्के रुग्णांत तसे घडलेले नोंदले गेले आहे. लॅमिव्हुडिनला न जुमानणाऱ्या विषाणूवरही टेनोफोव्हिर चालते, त्यामुळे आज काळजीचे कारण नाही. परंतु त्या दहा वर्षांत यकृताला किती इजा होऊन गेली, हे तपासलेच पाहिजे. त्यासाठी एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बीचा डीएनए आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. एसजीओटी आणि प्लेटलेट यांवरून ‘एप्री’ नावाचा गुणांक काढतात. तो वाढलेला दिसल्यास फायब्रोस्कॅन (यकृताचा कठीणपणा मोजणारी तपासणी) करावा. यकृत कठीण झाल्याचे दिसले, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीन ही कर्करोगासाठीची रक्ततपासणी चुकवू नये. हिपॅटायटिस बीमध्ये यकृताचा कर्करोग सिरॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) नसतानाही होऊ शकतो, त्यामुळे कुटुंबात कोणाला तो झाला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

एन्टेकाव्हिर हे हिपॅटायटिस बीचे उत्तम औषध आहे, पण भावाला आज त्याची गरज नाही, कारण टेनोफोव्हिर चालू आहे. एन्टेकाव्हिरचा एचआयव्हीवरही थोडा परिणाम होतो हे २००७ मध्ये लक्षात आले. एआरटी न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताला ते एकटे दिले, तर एचआयव्ही लॅमिव्हुडिनला दाद देईनासा होऊ शकतो. त्याचा उपयोग तेव्हा, जेव्हा मूत्रपिंडांमुळे टेनोफोव्हिर थांबवावे लागते, आणि तेव्हाही पूर्ण एआरटीच्या जोडीला. टेनोफोव्हिरचा दुसरा, मूत्रपिंडांना कमी त्रास देणारा प्रकारही आता उपलब्ध आहे.

हिरव्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, टेनोफोव्हिर बंद करू नये’ असे लिहून घ्या. उद्या एचआयव्हीसाठी औषधांची लाईन बदलली, तरी नव्या औषधांत टेनोफोव्हिर राहिले पाहिजे. मुंबईत काही जण डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन अशी दोनच औषधांची गोळी घेतात, काही देशांत कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दोन महिन्यांनी इंजेक्शने देतात. दोन्ही उपचार एचआयव्हीसाठी चांगले आहेत आणि दोन्ही आपल्या भावासाठी अयोग्य आहेत. पहिल्यात हिपॅटायटिस बीसाठी पुन्हा एकटे लॅमिव्हुडिन उरते, दुसऱ्यात तेवढेही नाही.

माडाखालचा यांनी लिहिलेला अनुभव अपवादात्मक नाही. विषाणूच्या डीएनएचा एक प्रकार यकृतपेशींच्या केंद्रकात ठाण मांडून असतो आणि आजची कोणतीही गोळी तो काढू शकत नाही. गोळी केवळ त्याच्या नव्या प्रती निघू देत नाही. औषध थांबले की काही आठवड्यांत प्रती पुन्हा निघू लागतात, आणि सावध झालेली प्रतिकारशक्ती बाधित यकृतपेशींवरच तुटून पडते. सिरॉसिस असलेला रुग्ण अशा वेळी दगावू शकतो. उलट क्रमही लक्षात ठेवावा: प्रतिकारशक्ती अगदी खालावलेल्या रुग्णाला एआरटी नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एसजीपीटी वाढते, ते अनेकदा औषधाच्या दोषामुळे नव्हे तर प्रतिकारशक्ती सावरल्यामुळे. अशा वेळी घाबरून रुग्णाने स्वतःहून गोळी थांबवणे हीच मोठी चूक ठरते.

रानवाट यांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की, भुईआवळ्याच्या कुळातील वनस्पती घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून एचबीएसएजी नाहीसे झाले. त्यामुळे जगभर उत्सुकता निर्माण झाली, परंतु नंतर इतरत्र केलेल्या चाचण्यांत तसा परिणाम दिसला नाही. ज्याचे यकृत मुळात निरोगी आहे त्याने घरचा रस कधीतरी घेतला तर मी अडवणार नाही. ज्याच्या यकृताची अवस्था अजून मोजलेलीच नाही, त्याला मात्र मी नको म्हणतो, कारण महिन्याभराने एसजीपीटी वाढले तर ते कशाने वाढले हे मला सांगता येणार नाही. माडी आणि हुर्राक यांविषयी इतका सौम्य राहणार नाही. ते पूर्ण बंद.

ऑपरेशन या अहवालामुळे टाळण्याचे कारण नाही. कोणी केवळ एचआयव्हीच्या कारणाने नकार दिला, तर २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि असा भेदभाव त्याने निषिद्ध आहे, हे शांतपणे सांगावे.

आरोग्यसेविका, दापोली तालुका

डॉक्टरांनी औषधांचे सांगितले. मी घरच्यांचे सांगते.

वहिनींनी एचबीएसएजी, कोअर अँटिबॉडी आणि पृष्ठभाग अँटिबॉडी (संरक्षण आहे का हे दाखवणारी) या तीन तपासण्या कराव्यात. तिन्ही निगेटिव्ह असल्यास लस घ्यावी: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मग एक-दोन महिन्यांनी पृष्ठभाग अँटिबॉडी १० च्या वर गेली का, हे पाहावे. व्हायरल लोड आढळत नाही म्हणजे जोडीदाराला लागण होत नाही, हे एचआयव्हीबाबत खरे आहे. ती हमी हिपॅटायटिस बीला आपोआप लागू होत नाही, म्हणून वहिनींचे संरक्षण सिद्ध होईपर्यंत निरोध वापरावा. पुतण्यानेही त्याच तीन तपासण्या करून लस घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस देशभराच्या नियमित लसीकरणात २०११ साली आली, त्यामुळे दोन्ही मुलांना ती मिळाली असेल असे गृहीत धरू नये.

गुहागरच्या पुतणीची गरोदरपणातील एचबीएसएजी तपासणी झाली आहे का, ते तिच्या कार्डावर पाहा. अहवाल निगेटिव्ह असला तरी बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस मिळालाच पाहिजे. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट या पाच आजारांवरील एकत्रित लसीतून तीच लस मिळते. पॉझिटिव्ह असला तर शक्यतो १२ तासांच्या आत बाळाला इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, आणि ते लहान दवाखान्यात ऐन वेळी मिळत नाही. त्यासाठी प्रसूती कोठे करायची, हे आताच ठरवावे.

ताट, पेला, अंथरूण वेगळे करू नका. वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश वेगळा ठेवा. बोटीवर सगळ्यांची दाढी एकाच वस्तऱ्याने होते हे मी स्वतः जेट्टीवर पाहिले आहे. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस टिकतो. गळ किंवा माशाचा काटा हातात रुतल्यास जखम झाकल्याशिवाय जाळ्याला हात लावू नये.

हर्णैचा धाकटा

नारळी पौर्णिमेनंतर लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. भावाच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात विनामूल्य झाल्या. हिपॅटायटिस बीचा डीएनए आढळला नाही, एसजीपीटी ३४, प्लेटलेट दोन लाखांवर, क्रिएटिनिन ठीक, सोनोग्राफीत दोष नाही. पुस्तिकेवर लाल शाईने ओळ लिहून घेतली आहे. वहिनी आणि पुतण्या निगेटिव्ह. दोघांचा पहिला डोस झाला. पुतणीचे कार्डही निगेटिव्ह आहे. आईने माळ आणली होती. ती भावाने गळ्यात घातली आणि गोळीही घेतली.

जुना लॅबवाला यांचा सल्ला मात्र माझ्यावरच आला. आईची कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह असून एचबीएसएजी निगेटिव्ह आहे, आणि माझे एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले आहे. भावाकडे तीन महिन्यांच्या गोळ्या असतात. पुढची तारीख मिळेपर्यंत त्याच्या बाटलीतील टीएलडी मी घेतली तर चालेल का?

जुना लॅबवाला

आईंना पूर्वी कधीतरी लागण होऊन गेली आहे, इतके नक्की. वयानुसार काहींच्या रक्तातून एचबीएसएजी निघून जाते. आपल्या दोघा भावांना ती त्यांच्याकडूनच आली, हे या अहवालांवरून सिद्ध होत नाही, पण शक्य आहे. आईंना हे सांगताना दोष दिल्यासारखे वाटणार नाही, एवढी काळजी घ्यावी. त्यांच्या बाळंतपणांच्या काळात आपल्याकडे बाळांना ही लस दिली जात नव्हती.

फिजिशियन, सिंधुदुर्ग

अजिबात घेऊ नका. सर्वप्रथम स्वतःची एचआयव्ही तपासणी करा. ती निगेटिव्ह असेल तर आपल्याला डोल्युटेग्राव्हिरची गरज नाही, आणि टेनोफोव्हिरचीही असेलच असे नाही. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीला औषध द्यायचे की केवळ लक्ष ठेवायचे, हे डीएनएचे प्रमाण, एसजीपीटी आणि यकृताची अवस्था पाहून ठरते. ती पॉझिटिव्ह असेल तर एकटे टेनोफोव्हिर देणे चूक ठरेल, कारण अपुऱ्या औषधाने एचआयव्ही दाद देईनासा होतो. मग पूर्ण एआरटीच लागेल. म्हणूनच हिपॅटायटिस बीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी औषधाआधी करतात. शिवाय भावाच्या तीन महिन्यांच्या बाटल्या दोघांत दीड महिन्यात संपतील, आणि तेव्हा तो समुद्रात असेल.

हर्णैचा धाकटा

आज आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) जाऊन आलो. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. डीएनएसाठी नमुना दिला असून अहवालाला दोन आठवडे लागतील असे सांगितले. भावाच्या गोळ्यांपैकी एक बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून बोटीच्या केबिनमध्ये ठेवली आहे, बाकीच्या घरी आहेत. आणि बोटीवर आता प्रत्येक खलाशाचा वस्तरा वेगळा आहे, तो का, हे मात्र त्याने कोणाला सांगितलेले नाही.